हिवाळ्यातील जुने ट्रॅक्टर : बर्फ हटविणारे आणि ऊस ओढणारे

प्रस्तावना

कृषी यंत्रांचा इतिहास बहुधा त्यांच्या जन्माच्या अंगाने लिहिला जातो. यंत्र कोणी शोधले, कारखाना कोठे उभा राहिला, उत्पादन कधी सुरू झाले याची नोंद होते. ते यंत्र जुने झाल्यावर त्याचे काय झाले याची सहसा होत नाही. वस्तुतः यंत्राच्या आयुष्याचा मोठा भाग याच दुसऱ्या कालखंडात जातो. उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत पन्नास-साठ वर्षांपूर्वी बागकामासाठी बनविलेले छोटे ट्रॅक्टर आजही हिवाळ्यात घरापुढील बर्फ हटविण्यासाठी वापरले जातात. कोल्हापूर जिल्ह्यात बर्फ पडत नाही. परंतु येथेही जुन्या ट्रॅक्टरच्या खऱ्या कमाईचे दिवस हिवाळ्याचेच असतात, कारण उसाचा गळीत हंगाम याच काळात चालतो. या दोन प्रथा शेजारी ठेवून, यंत्र जुने झाल्यावर ते कशाच्या बळावर टिकते याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

एका कंपनीच्या दोन शाखा

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांच्या कडेने नव्या वसाहती पसरल्या. घराभोवती हिरवळ आणि रस्त्यापासून घरापर्यंत मोटारीची खासगी वाट, असे या वसाहतींचे स्वरूप होते. हिरवळ कापणे आणि हिवाळ्यात वाट मोकळी ठेवणे ही दोन्ही कामे घरमालकाचीच. या गरजेतून बाग-ट्रॅक्टर हा प्रकार रूढ झाला. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील व्हील हॉर्स कंपनी १९४६ मध्ये सुरू झाली. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ मध्ये सात अश्वशक्तीचा ‘कब कॅडेट’ बाजारात आणला आणि १९६३ मध्ये जॉन डिअरचा ‘११०’ आला.

याच इंटरनॅशनल हार्वेस्टरचा धागा महाराष्ट्राशीही जोडलेला आहे. १९६३ मध्ये महिंद्र आणि महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्या भागीदारीतून ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ स्थापन झाली आणि मुंबईत ‘बी-२७५’ या ट्रॅक्टरची निर्मिती सुरू झाली. पुढे १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. म्हणजे एकाच कंपनीचे एक यंत्र अमेरिकन घराच्या अंगणात गेले आणि दुसरे भारतीय शेतकऱ्याच्या रानात आले. आकार, शक्ती व किंमत यांत दोघांची बरोबरी नाही, हे मान्य करावेच लागेल. तथापि दोघांची वृद्धापकाळातील कथा आश्चर्यकारकरीत्या समांतर आहे.

वजन आणि पकड

बर्फ हटविण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत ट्रॅक्टरच्या पुढे तिरके लोखंडी पाते बसवून बर्फ बाजूला लोटला जातो. दुसरीत इंजिनाच्या शक्तीवर फिरणारा मळसूत्री दांडा बर्फ आत ओढतो आणि धुराड्यासारख्या नळीतून दूर फेकतो. या दुसऱ्या यंत्राचे जनकत्व कॅनडातील आर्थर सिकार यांच्याकडे जाते. १९२५ च्या सुमारास त्यांनी ते तयार केले आणि त्याची कल्पना त्यांना शेतातील धान्ययंत्रावरून सुचली, असे सांगितले जाते. बर्फाचे यंत्र मुळात शेतातूनच आले, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

परंतु खरी अडचण बर्फ उचलण्याची नसून चाकाच्या पकडीची असते. निसरड्या जमिनीवर हलके यंत्र जागच्या जागी चाके फिरवीत राहते. त्यामुळे मागील चाकांना साखळ्या गुंडाळल्या जातात, लोखंडी वजने अडकविली जातात आणि टायरमध्ये द्रव भरला जातो. साधे पाणी गोठते, म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळण्याची पद्धत पडली. जुनी यंत्रे येथे उपयोगी पडतात ती त्यांच्या जडपणामुळे. ओतीव लोखंडाचे इंजिन, जाड पत्रा आणि भक्कम गिअरपेटी ही त्यांची वैशिष्ट्ये होत. पुढील काळात स्वस्ताईसाठी बनलेली हलकी यंत्रे गवत चांगले कापतात, मात्र बर्फात कमी पडतात.

कोल्हापूरच्या काळ्या रानात हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. भरलेली ट्रॉली फडातून बाहेर काढताना मागील चाके रुततात आणि पुढची चाके उचलली जातात. त्यावर उपाय म्हणून पुढे वजने लावली जातात. टायरमध्ये पाणी भरण्याची पद्धतही शेतकऱ्यांना परिचित आहे. येथे पाणी गोठण्याची भीती नसल्याने साधे विहिरीचे पाणी पुरते. तेवढ्यानेही भागले नाही, तर दुसरा ट्रॅक्टर पुढे जोडावा लागतो.

कोल्हापूरचा हिवाळा

छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १८९५ मध्ये, शाहूपुरी ही बाजारपेठ वसविण्यात आली आणि ती गुळासाठी नावारूपाला आली. ऊस तेव्हा गावातच गाळला जात असल्याने वाहतुकीचे अंतर थोडे होते. साखर कारखान्यांनी हे अंतर वाढविले. १९३० च्या दशकात कसबा बावडा येथे साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या दशकापासून रत्नाप्पा कुंभार, तात्यासाहेब कोरे आदींच्या पुढाकाराने सहकारी कारखानदारी वाढली. तोडलेला ऊस लवकर गव्हाणीत पडला नाही, तर त्याचे वजन व उतारा दोन्ही घटतात. प्रथम बैलगाडी, नंतर रबरी चाकांची टायरगाडी आणि मग ट्रॅक्टर-ट्रॉली हा क्रम या घाईतून घडला. बैलगाडी मात्र पूर्णपणे हटली नाही. अलीकडे लहान ट्रॅक्टरला बैलगाडीसारखी छोटी गाडी जोडलेलीही दिसते.

जिल्ह्यातील जमीनधारणा लहान. केवळ स्वतःच्या रानातील मशागतीवर ट्रॅक्टरचा हप्ता फिटत नाही. म्हणून हिवाळ्यातील ऊसवाहतूक हा जोडधंदा न राहता मुख्य आधार बनतो. या आधारातही जोखीम आहे. वाहनमालक कारखान्याकडून उचल घेतो व ती तोडणी मजुरांच्या मुकादमाला देतो. टोळी आलीच नाही, तर कर्ज मालकाच्या डोक्यावर राहते. ट्रॅक्टर मग लवकरच्या लवकर, अधिकाधिक खेपांसाठी दामटला जातो. मागे दोन ट्रॉल्या, त्यांना स्वतंत्र ब्रेक नाहीत आणि रात्री मागून येणाऱ्याला दिसेल असा दिवा वा रिफ्लेक्टरही पुष्कळदा नसतो. हंगामातील अपघातांच्या बातम्यांमागे हे अर्थकारण आहे, हे नजरेआड करता येत नाही. बर्फातील छोट्या ट्रॅक्टरचेही धोके आहेत. फिरत्या दांड्यात अडकलेला बर्फ हाताने काढताना बोटे गमावल्याचे प्रकार घडतात. पण तेथे हप्त्याची घाई नसते.

उद्यमनगरची भूमिका

जुने यंत्र टिकते ते दुरुस्ती करणाऱ्यांमुळे. पंचगंगा व तिच्या उपनद्यांच्या काठी पाणी उपसण्यासाठी ऑइल इंजिने आली आणि त्यांच्या दुरुस्तीतून कोल्हापुरात मेस्त्रींचा एक कुशल वर्ग घडला. शिवाजी उद्यमनगरातील लेथ, ओतशाळा व वेल्डिंगची दुकाने ही या कौशल्याची परिणती होय. सिलिंडरला बोअर मारणे, क्रँक घासणे, लायनर-पिस्टन बदलणे ही कामे येथे होतात आणि कंपनीकडे न मिळणारा भाग नमुन्यावरून घडवून घेता येतो. अमेरिकेतही जुन्या कब कॅडेटचे भाग बनविणारे छोटे व्यावसायिक आहेत. फरक हेतूचा आहे. तेथे मूळ रंग, मूळ चिन्ह, मूळ क्रमांकाची पट्टी जपली जाते, कारण मालकाचे पोट त्या यंत्रावर नसते. ‘विंटेज’ हा मान कर्जमुक्त यंत्रालाच मिळतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कोल्हापुरातील बी-२७५ फक्त ‘जुना’ असतो. त्याचे इंजिन एकाचे, गिअरपेटी दुसऱ्याची आणि बॉनेट स्थानिक पत्र्याचे असू शकते.

परिणामी येथील ट्रॅक्टरचा इतिहास यंत्राच्या अंगावर फारसा उरत नाही. तो आर.सी. बुकातील निर्मितिवर्ष व इंजिन क्रमांकात, कारखान्यांच्या वाहतूक करारांत आणि उद्यमनगरातील दुकानांच्या वह्यांत विखुरलेला आहे. त्यांपैकी वह्या सर्वांत नाजूक. दुकान मुलाकडे गेले की नवी वही सुरू होते आणि जुनी बहुधा रद्दीत जाते.