सातबाऱ्यावरचे नाव

आमच्या कोकणातल्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत एक जुना सातबारा होता. दिवाळीच्या साफसफाईत आजोबा तो बाहेर काढायचे आणि मला म्हणायचे, ‘‘वाच रे बाळा, काय नाव आहे?’’ त्यांना अक्षरओळख नव्हती. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात भात लावणारे आजोबा कायद्याने त्या जमिनीचे मालक झाले होते. श्रीमंत-गरिबातले अंतर कमी कसे करावे, अशी चर्चा निघाली की मला तो कागद आठवतो.

तो कागद सहजासहजी मिळालेला नव्हता. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. खंड कमी करा, कूळ म्हणून आमची नोंद करा. नाहीतर जमीन कसणार नाही, असे त्यांनी खोत-सावकारांना बजावले. पंचवीस गावांची शेते ओस पडली. लोकांनी डोंगरातला लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. हा संप १९३९ पर्यंत चालला.

मधल्या काळात, सप्टेंबर १९३७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईत आले. ते विधेयक संमत झाले नाही. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर. १९४८ साली कुळकायदा आला, १९५६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिनी’ कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. जमीन फुकट नव्हती. सर्वसाधारण कुळाला शेतसाऱ्याच्या वीस ते दोनशे पट किंमत भरायची होती, तीही हप्त्याने.

जपाननेही युद्धानंतर, १९४६ साली, हाच मार्ग धरला. सरकारने जमीनदारांकडून जमीन घेऊन कुळांना विकली. लागवडीखालच्या जमिनीपैकी सुमारे ४६ टक्के जमीन कुळांकडे होती. हे प्रमाण काही वर्षांत १० टक्क्यांवर आले.

आपल्याकडे मात्र बरेच हातचे राहिले. कायदा येणार हे कळताच कित्येक मालकांनी कुळांना आधीच जमिनीवरून उठवले. ज्याच्याकडे कुळाची नोंद नव्हती, त्या शेतमजुराला या कायद्याने काहीच मिळाले नाही.

आणि आमची आजी? तीही आजोबांच्या बरोबरीने चिखलात उभी राहून लावणी करायची. एकदा तिने विचारले, ‘‘माझं नाव कुठं आहे त्यात?’’ मी कागद उलटसुलट करून पाहिला. ते कुठेच नव्हते.

म्हणून मला वाटते, विषमता मोजताना मजुरी किती वाढली एवढेच पाहू नये. मालकीच्या रकान्यात कुणाचे नाव आहे आणि कुणाचे राहून गेले आहे, हेही विचारावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)