शेवटच्या कडव्यातलं नाव

मराठीत गाणं रचणाऱ्याने आपलं नाव गाण्याच्या पोटातच ठेवून द्यायची रीत फार जुनी आहे. नामदेव, जनाबाई, चोखामेळा, तुकाराम, सगळ्यांच्या अभंगांत शेवटी नाव येतं. त्याला नाममुद्रा म्हणतात. मुद्रणयंत्र नव्हतं, लेखकाच्या हक्काचा कायदा नव्हता, रचना एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात होती. अशा वेळी कर्त्याचं नाव वाचवायचा हा एकच उपाय होता. नाव छंदात बसवलेलं असे, यमकाला बांधलेलं असे. ते काढायचं तर ओळ मोडायची, आणि ओळ मोडली की ऐकणाऱ्याला लगेच कळायचं.

चोखोबांच्या बाबतीत हा उपाय किती मोलाचा ठरला ते पाहावं. परंपरा सांगते की त्यांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले. लेखणी दुसऱ्याच्या हातात, पोथी दुसऱ्याच्या घरात, देवळाच्या आत पाऊल टाकायची मनाई. तरी अभंगाच्या शेवटी नाव चोख्याचं. लिहिणारा कोणीही असो, ते पुसता येत नव्हतं. मला हे मराठी संस्कृतीतलं मोठं शहाणपण वाटतं.

पुढे शाहिरांनी आणि लावणीकारांनी हीच रीत उचलली. पठ्ठे बापूरावांच्या लावणीत शेवटी त्यांचं नाव खणखणीत येतं. त्यांच्यासोबत फडावर उभी राहिलेली पवळा मात्र त्या मुद्रेत नाही. नाममुद्रा रचणाऱ्याची, नाचणारीची आणि गाणारीची नव्हे. या रिवाजातली ही उणीव लक्षात ठेवावी लागते, कारण यंत्र आलं तेव्हा पारडं बरोबर उलटं फिरलं.

1902 साली कलकत्त्यात गायिका गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. गाणं संपताच ती इंग्रजीत आपलं नाव सांगते. तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या, तिथल्या कारागिरांना कोणाच्या तबकडीवर कोणतं नाव चिकटवायचं ते कळावं म्हणून ही सोय होती, असं सांगतात. शेवटी नाव सांगण्याची जागा तीच राहिली, पण ते नाव आता गाणारीचं झालं. ख्यालासाठी, ठुमरीसाठी ते न्यायाचंच होतं. ज्या गाण्यात शब्दच हत्यार असतात, तिथे मात्र हिशेब वेगळा लागतो.

असं गाणं म्हणजे भीमगीत, बाबासाहेब आंबेडकरांचं आणि त्यांच्या विचारांचं गाणं. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन गण-गवळणीच्या जागी भटशाहीवरची टीका आणि शिक्षणाचा आग्रह आणला. आंबेडकरी जलशांनी तोच साचा आणखी पुढे नेला. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचा जलसा त्यांतला नावाजलेला. या सगळ्या चळवळीवरचं त्यांचं पुस्तकही 1978 साली आलं. ढोलकी, पेटी, चारपाच साथीदार आणि रात्रभर जागणारी वस्ती. पाणवठा, शाळा, दारू, मेलेल्या ढोरांचं मांस सोडणं, धर्मांतर, सगळे विषय तिथे गाण्यात यायचे. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी जलसा हेच वर्तमानपत्र होतं.

या मांडवातून घडलेलं सर्वांत मोठं नाव वामनदादा कर्डक. 1922 साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म, मुंबईत मजुरी, अक्षरओळख झाली ती मोठेपणी. पुढे ते गावोगाव फिरले, मिळेल त्या ओट्यावर गायले, आणि त्यांनी हजारो गाणी रचली. शेवटच्या कडव्यात बहुतेक ठिकाणी ‘वामन’ भेटतो. कधी तो समाजाला प्रश्न विचारतो, कधी स्वतःला बजावतो, कधी बाबासाहेबांपुढे हात जोडतो. ते कडवं आलं की ऐकणारे सावरून बसत, कारण मुद्द्याची गोष्ट तिथे असे. नाव आणि सार एकाच ठिकाणी. दुसरा कोणी गायक वामनदादांचं गाणं गायला, तरी त्यालाही तोंडाने वामन म्हणावंच लागे. 2004 साली वामनदादा गेले, पण गावोगावच्या गायन पार्ट्या रोज त्यांचं नाव घेत राहिल्या.

1980 नंतर कॅसेट आली. तबकडीचा धंदा मूठभर कंपन्यांच्या हाती होता. कॅसेट छापायला मात्र थोडं भांडवल पुरायचं. रेडिओने, सिनेमाने, मोठ्या छापखान्यांनी ज्या गाण्यांना दार उघडलं नव्हतं, ती गाणी कॅसेटवर बसून घराघरांत गेली. प्रल्हाद शिंद्यांचा पहाडी आवाज, विठ्ठल उमपांची फेक, पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे. 14 एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, वस्तीत कर्ण्यावर लागायच्या त्या याच कॅसेट. कव्हरवर फोटो गायकाचा, मोठ्या अक्षरांत नावही गायकाचं. गीतकार बारीक अक्षरांत, कित्येकदा तेवढाही नाही. तरी फारसं बिघडलं नाही. कॅसेटच्या एका बाजूला अर्धा तास मिळायचा, गाणं पूर्ण वाजायचं, आणि कव्हर हरवलं तरी शेवटच्या कडव्यातून कवीचं नाव कानावर पडायचंच.

बिघडलं ते गाण्याचे तुकडे होऊ लागले तेव्हा.

एमपीथ्री फाइलमध्ये गाण्याची माहिती साठवायची एक पद्धत 1996 साली निघाली. फाइलच्या अगदी शेवटी 128 बाइटची जागा राखून ठेवायची. गाण्याच्या नावाला 30 अक्षरं, कलाकाराच्या नावाला 30, अल्बमला 30, सालाला 4, शेऱ्याला 30, संगीतप्रकाराला एक बाइट आणि खूण म्हणून सुरुवातीला तीन अक्षरं. ज्याने हे आखलं त्याला आपल्या अभंगांची कल्पना असायचं कारण नाही, तरी त्यानेही नावाची जागा शेवटीच ठेवली. फक्त त्या 128 बाइटमध्ये गीतकाराला खण नाही. पुढच्या आवृत्तीत तो आला, पण तो भरतं कोण? तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. त्या फाइलींमध्ये कलाकाराच्या खणात पुष्कळदा ज्या संकेतस्थळावरून गाणं उतरवलं त्याचंच नाव असायचं.

मग रिंगटोन. गाण्यातली पंधरा-वीस सेकंदं, बहुधा ध्रुवपद. शेवटचं कडवं तिथे पोचूच शकत नाही. कवीचं नाव गेलं ते असं. पण त्या थोड्या सेकंदांत दुसरं काहीतरी घडलं, आणि ते लहान नव्हे. वर्षातून एकदा कर्ण्यावर वाजणारं गाणं आता खिशात आलं. बसमध्ये, बाजारात, साहेबाच्या टेबलासमोर कधीही वाजू लागलं. ज्याचा फोन वाजला तो कोण आहे हे चारचौघांत जाहीर होऊ लागलं, आणि त्याला ते जाहीर करायचंच होतं. या जाहीर करण्याची किंमतही मोजावी लागली. मे 2015 मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला; त्याच्या फोनवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून वाद सुरू झाला होता, असं पोलिसांत नोंदवलेल्या तक्रारीत म्हटलं होतं. नर्सिंग शिकणारा मुलगा होता तो. रिंगटोनला निव्वळ करमणूक म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

2016 साली जिओने डेटा स्वस्त केला आणि व्हिडिओ गावागावांत पोचले. औरंगाबादच्या कडुबाई खरात एकतारीवर गात पोट भरत होत्या. कोणीतरी मोबाइलवर त्यांचं गाणं टिपलं, ते हातोहात पसरलं आणि पुढे त्यांना महाराष्ट्रभर कार्यक्रम मिळू लागले. कोणी निर्माता नाही, कंपनी नाही, दलाल नाही. पवळाला जे मिळालं नव्हतं ते या बाईला मिळालं, याचा आनंद मला मनापासून वाटतो.

जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि काही दिवसांतच इन्स्टाग्रामने रील भारतात आणली. तिथे आवाजाखाली एक नाव आपोआप उमटतं. कोणी मुलगा जयंतीच्या मिरवणुकीत वाजणारं गाणं टिपून टाकतो आणि तो आवाज ‘मूळ’ म्हणून त्या मुलाच्या खात्यावर जमा होतो. पुढे ज्यांना तो आवाज वापरायचा ते सगळे त्याच नावाखाली वापरतात. गुन्हा त्या मुलाचा नाही, तो प्रेमानेच टाकतो. यंत्राच्या लेखी मात्र गाणं जन्मलं त्या क्षणी, त्या फोनमध्ये. 2012 च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात गीतकारांचा मानधनाचा हक्क पक्का झाला हे चांगलंच झालं, पण तो हक्क मागायला आधी नाव कागदावर असावं लागतं. ओट्यावर रचलेल्या गाण्यांचा कसला करारनामा?

तरीही सारं बोट तंत्राकडे दाखवणं मला पटत नाही. यूट्यूबवर कोणे एके काळी दहा मिनिटांची मर्यादा होती. ती उठली तसे जुन्या कॅसेटचे साठे बाळगणारे लोक अख्ख्या बाजू चढवू लागले. त्यांत गाणं शेवटपर्यंत ऐकू येतं. काही जण खाली वर्णनात गीतकाराचं नाव आवर्जून लिहितात.

आणि दुसरीकडे ओव्या. जात्यावरच्या ओवीला नाममुद्रा नसतेच; बाई गाते, दुसरी पुढे ओढते, नाव कोणाचंच राहत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी 1996 साली गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. 2017 पासून हा संग्रह ‘पारी’ या डिजिटल संग्रहालयात खुला होतो आहे. तिथे ओवीचा आवाज असतो, शब्द असतात आणि खाली गाणारीचं नाव, गाव, तालुका, वय, जात, मुलंबाळं, पोटापाण्याचा उद्योग. एवढी सविस्तर मुद्रा तुकोबांनीही कधी उमटवली नव्हती. या बायकांना कोणी विचारलं, कोणी लिहून घेतलं, कोणी जपून ठेवलं, म्हणून त्या खणांत भरायला काही होतं. भीमगीतांसाठी हे काम अजून कोणा एका संस्थेने एवढ्या नेटाने हाती घ्यायचं आहे. ते जुने गायक, त्यांचे ढोलकीवाले, त्यांच्या गाण्यांच्या वह्या अजून आहेत, आणि कोणतं गाणं कोणाचं हे सांगणारी माणसं दर वर्षी कमी होत आहेत.