पटावरून छापखान्यात

१९७६ साली मुंबईची रोहिणी खाडिलकर ही तेरा वर्षांची मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत खेळावयास बसली. त्यापूर्वी कोणी स्त्री त्या स्पर्धेत उतरली नव्हती. गदारोळ उठला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, व निर्णय तिच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स युवे यांनीही राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही, असा निर्वाळा दिला. एका शाळकरी मुलीस पटाशी बसता यावे म्हणून एवढा खटाटोप करावा लागला, ही गोष्ट आम्हांस तिच्या पुढील विजयांहूनही अधिक बोलकी वाटते.

विजय थोडे नव्हते. वासंती, जयश्री व रोहिणी या तिघी भगिनींनी १९७४ पासून पहिली दहा वर्षे महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद घराबाहेर जाऊ दिले नाही. १९८१ मध्ये रोहिणी हैदराबादला आशियाई विजेती झाली.

या खेळाचे व स्त्रीचे नाते ख्रिस्तसभेस अपरिचित नाही. सोळाव्या शतकात आविलाच्या संत तेरेजाने आपल्या धर्मभगिनींना प्रार्थना शिकविताना बुद्धिबळाचाच दृष्टान्त घेतला. स्वर्गीय राजाला शरण आणणारी राणी म्हणजे नम्रता, असे तिने सांगितले. युरोपातील पटावरची ही राणी आपल्याकडे वजीर, म्हणजे पुरुष होते! (त्यांच्या बिशपचा आपल्याकडे उंट होतो, त्याविषयी आम्ही अधिक बोलत नाही.) खडकीच्या आमच्या धर्मग्रामात मिस्सेनंतर पट मांडले जातात, तेव्हा भोवती मुलग्यांचीच दाटी असते, मुली दाराशी उभ्या राहून पाहतात. त्यांना कोणी मनाई केलेली नाही. पण बसा, असेही कोणी म्हटलेले नाही.

खाडिलकरांच्या घरात मात्र मुलींना पटही मिळाला आणि लेखणीही. पणजोबा नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी पुण्यात 'केसरी'चे संपादन केले व १९२३ मध्ये मुंबईत 'नवाकाळ' काढला. वडील नीळकंठ खाडिलकर त्याच पत्राचे संपादक. १९९३ मध्ये स्पर्धात्मक खेळ थांबवून रोहिणी वृत्तपत्राच्या कामात आल्या. मुद्रणाचे शिक्षण त्यांनी जर्मनीत घेतले होते. १९९८ च्या डिसेंबरात त्या 'संध्याकाळ' या सायंदैनिकाच्या संपादक झाल्या. 'नवाकाळ'चे संपादकपद पुढे जयश्री यांच्याकडे आले.