वैकुंठातले बंड

दिवाळीच्या पाडव्याला आपण घरोघर बळीराजाचे स्मरण करतो आणि त्याचे राज्य पुन्हा येवो असे म्हणतो. यातली मौज सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बळी हा देवांचा वैरी. त्याने इंद्राला स्वर्गातून हुसकावले, आणि वामनाने तीन पावलांत त्याला पाताळात घातले. स्वर्गाच्या भांडणात जो हरला, त्याच्या नावाने आपल्याकडे दिवा लागतो! जयविजयांचीही तीच गोष्ट. वैकुंठाचे हे द्वारपाल सनकादिकांना अडवल्यामुळे शापाने खाली आले. पण तीन जन्म झाले की पुन्हा आपल्या जागी उभे. आपल्या पुराणांत खाली पडलेल्याची वर जाण्याची वाट सहसा बंद होत नाही.

ख्रिस्ती धर्मात स्वर्गातल्या बंडाची जी कथा आहे, तिच्यात मात्र ती वाट कायमची बंद झाली. ही कथा मराठी ओवीत चारशे वर्षांपूर्वी सांगितली गेली आणि सांगणारा इंग्रज होता, हे ऐकले म्हणजे आमच्या शाळेतली मुले डोळे विस्फारतात. मी काही धर्मशास्त्री नव्हे. हिंगोलीकडचा, इतिहास शिकवणारा एक मास्तर. पण मला या कथेचे कुतूहल फार.

कथा थोडक्यात अशी. देवाने मनुष्याच्या आधी देवदूत निर्माण केले. त्यांत ल्युसिफर सर्वांत तेजस्वी. आपल्याच तेजाची त्याला भूल पडली. देवाची बरोबरी करावी असे त्याने मनात आणले आणि कित्येक देवदूत त्याच्या बाजूला गेले. मायकेल नावाच्या देवदूताने देवाच्या बाजूने युद्ध केले. बंडखोर खाली लोटले गेले, आणि त्यांचा नायक तोच सैतान झाला. पुढे त्यानेच सापाच्या रूपाने आदाम व एवा यांना फसवले.

नवल असे की, ही कथा बायबलात एका जागी सलग कोठेच सांगितलेली नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात साप आहे, पण तो सैतान होता असे तेथे म्हटलेले नाही. ईयोबाच्या पुस्तकात सैतान देवाच्या दरबारातच उभा राहून, फिर्यादीच्या वकिलाप्रमाणे माणसावर आरोप करतो. त्या हिब्रू शब्दाचा अर्थही विरोधक असाच आहे. यशया संदेष्ट्याने पहाटेच्या ताऱ्याच्या पतनाचे वर्णन केले, ते बाबिलोनच्या एका राजाला उद्देशून. त्या ताऱ्यासाठी जेरोमच्या लॅटिन भाषांतरात ‘ल्युसिफर’, म्हणजे प्रकाश आणणारा, असा शब्द आला. लूकच्या शुभवर्तमानात सैतान विजेसारखा आकाशातून पडल्याचा येशूचा उद्गार आहे. शेवटच्या प्रकटीकरणात मायकेलची आणि अजगराची लढाई आहे. हे विखुरलेले मणी एका दोऱ्यात ओवण्याचे काम पुढच्या शतकांतील आचार्यांनी केले.

मग मनुष्याचे काय? या आचार्यांना खरा प्रश्न पडला तो येथे. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने असे म्हटले की, बंडाने स्वर्गात ज्या जागा रिकाम्या झाल्या, त्या उद्धरलेल्या माणसांनी भरून निघतील. म्हणजे मातीचे हे पोर देवदूतांच्या आसनावर बसणार! अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीच्या अँसेल्मने त्याला एक सुंदर पुस्ती जोडली. तो म्हणतो, मनुष्य केवळ बदली म्हणून निर्माण झाला असे मानू नये. तसे मानले तर स्वर्गात गेलेल्या प्रत्येकाला दुसऱ्याच्या पडण्याचा आनंद मानावा लागेल, आणि असा आनंद मनात असलेला मनुष्य स्वर्गाला लायक कसा? हे वाचून मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. शेजाऱ्याची नोकरी गेली म्हणून आपली लागली, यात सुख मानणाऱ्यांच्या जगात नऊशे वर्षांपूर्वीचा हा माणूस स्वर्गाच्या दारातसुद्धा तेवढी मनाची स्वच्छता मागतो.

दुसरा प्रश्न याहून अवघड. चूक दोघांनीही केली. मग मनुष्याला क्षमा आणि देवदूताला नाही, असे का? आचार्यांचे उत्तर असे की, देवदूत बुद्धीने पूर्ण. तो एकदाच, सगळे समजून निर्णय घेतो. त्याला पश्चात्ताप सुचत नाही. मनुष्य अर्धवट. तो फसतो, अडखळतो, उद्या त्याचे मन पालटते. म्हणून त्याच्यासाठी देव स्वतः मनुष्य झाला. ज्या दुबळेपणाची आपल्याला लाज वाटते, तोच येथे आपला आधार ठरला. आमच्या मराठवाड्यातल्या मुसलमान शेजाऱ्यांना माहीत असलेल्या इब्लिसाच्या कथेतही हेच मर्म आहे: मी अग्नीचा, हा मातीचा, याच्यापुढे मी का वाकू, असे तो म्हणाला आणि हाकलला गेला.

आता ही कथा मराठीत आणणाऱ्याकडे वळू. थॉमस स्टीफन्स इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातला. रोममध्ये तो जेझुइट पंथात शिरला, १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून जहाजात बसला आणि ऑक्टोबरात गोव्याला उतरला. पुढची चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो तेथेच राहिला. त्यांतला बहुतेक काळ साष्टीत. १६१६ मध्ये रायतूर येथे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. दोन पुराणे, पंचाण्णव अवस्वर, सुमारे अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचे बंड आणि आदाम-एवेचे पतन येते. दुसऱ्यात येशूचे चरित्र. मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ १६६७ चे. क्रिस्तपुराण छापले गेले तेव्हा मिल्टन सात-आठ वर्षांचा पोर होता. त्याच्या इंग्रजी महाकाव्याच्या अर्धशतक आधी त्याच्याच एका देशबांधवाने ल्युसिफरचे बंड मराठी ओवीत बांधले होते.

पण वाचकहो, ही ओवी कोणापुढे म्हटली जात होती ते विसरून चालणार नाही. साष्टीतली देवळे पाडली गेली होती; जुन्या पोथ्या बाळगण्याची चोरी झाली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइटांना व त्यांच्या काही सोबत्यांना ठार मारले. पुढे बोलणी करू म्हणून गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले आणि तेथे त्यांची कत्तल झाली. स्टीफन्स तेव्हा साष्टीतच होता. अशा भूमीत राजाविरुद्धच्या बंडाची कथा सांगायची म्हणजे काय? ऐकणाऱ्याच्या मनात आले नसेल का, की बंडखोर कोण आणि दुसऱ्याच्या घरात शिरलेला कोण?

एका शब्दातच त्या काळाची सगळी वेदना साठली आहे. कोकणात आणि गोव्यात देवचार म्हणजे गावाच्या सीमेची राखण करणारी शक्ती. रात्री वाट चुकलेल्याला ती घरापर्यंत पोचवते अशी हिंदूंची श्रद्धा. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत देवचार म्हणजे सैतान. एका गावाचा राखणदार त्याच गावच्या दुसऱ्या वाड्यात स्वर्गातून हाकललेला बंडखोर झाला.

तरीही स्टीफन्सचे मोठेपण नाकारता येत नाही. पुराणाच्या आरंभी नवख्रिस्ती श्रोताच विनंती करतो की, आमची जुनी पुराणे गेली, तर त्यांच्या जागी दुसरे काही द्या. पाद्रीने ते मागणे ओळखले. माणसाची पोथी काढून घेतली तर त्याचे मन ओसाड पडते, हे त्याला उमगले. त्याने ज्ञानदेवांच्या घराण्यातली ओवी उचलली आणि ख्रिस्ताच्या स्वर्गाला वैकुंठ म्हटले. मराठीची त्याने केलेली स्तुती तर शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. सत्तेने जे तलवारीने तोडले होते, ते त्याने शब्दांनी सांधू पाहिले. सत्तेला ते फार दिवस मानवले नाही; १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांची भाषा मोडून काढण्याचा हुकूम सोडला. जुन्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांतून. १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी तो छापला आणि १९५६ मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणला.

या कथेचा गाभा मला आमच्याच मातीत भेटतो. हिंगोली जिल्ह्यातली नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव, आणि औंढा नागनाथ तेथून काही फार लांब नाही. नामदेव म्हणजे देवाच्या अगदी जवळचा. विठ्ठल त्याच्याशी बोले, त्याच्या हातचे जेवी. त्या जवळिकीचाच त्याला अभिमान झाला. गोरोबाकाकांनी थापटणे मारून पाहिले आणि हे मडके कच्चे आहे असा निवाडा दिला. नामदेव रागावला, रडला, देवाकडे गाऱ्हाणे घेऊन गेला. आणि अखेर औंढ्याच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांपुढे नमला.

जवळ असणाऱ्यालाच गर्व होतो, दूर असणाऱ्याला तो परवडत नाही. ल्युसिफर देवाच्या जवळ होता, नामदेवही होता. फरक एवढाच की, देवदूत घडतानाच पक्का भाजलेला होता, आणि नामदेव कच्चा. पक्क्या मडक्याला तडा गेला तर ते सांधत नाही. कच्च्याची माती पुन्हा भिजवून चाकावर घालता येते. ख्रिस्ती आचार्यांनी विश्वात मनुष्याला जी जागा दिली, ती या कच्च्या मडक्याची. देवदूतांहून ती खालची खरी. पण कुंभाराचा हात अजून पोचतो, अशी जागा तीच.