'सांभाळून' केलेली कामं

मुख्य कामाबरोबर माणूस जे दुसरं काम करतो त्याला मराठीत शब्द बरेच आहेत. जोडधंदा, पूरक व्यवसाय, फावल्या वेळातलं काम, वरकमाई. ('वरकमाई'ला लाचेचा वास येतो, ते सोडून देऊ.) पण मला बोलायचंय ते 'सांभाळून' या साध्या शब्दाबद्दल.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांबद्दल आपण म्हणतो, शिक्षकाची नोकरी सांभाळून त्यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहिलं. १८९६ साली ग्रंथ छापून आला, दोन वर्षांत ते गेले. आज त्यांची नोकरी कोणाच्या लक्षात आहे? तरी वाक्यात मुख्य राहते ती नोकरीच. बाईबद्दल मात्र आपण म्हणतो, 'घर सांभाळून नोकरी करते.' पुरुषाबद्दल असं वाक्य मी तरी ऐकलेलं नाही. म्हणजे मुख्य काय हे पगारावरून ठरत नाही, ते आधीच ठरलेलं असतं.

हे नुसतं बोलण्यात राहिलं असतं तर तुमचा वेळ घेतला नसता. जनगणनेतही तेच झालं. १९५१ साली उपजीविकेचं प्रमुख साधन आणि दुय्यम साधन विचारत. १९८१ पासून 'मुख्य' आणि 'सीमांतिक' काम करणारे अशी विभागणी आली : वर्षात १८३ दिवस भरले तर मुख्य, नाहीतर सीमांतिक. घरकाम कामातच धरत नाहीत.

आता गोठ्यात चला. वैरण, शेण, पाणी, धार हे बहुतेक घरांत बायकांच्या अंगावर. दूध डेअरीला घातलं तर ते काम, पोरांनी प्यालं तर नाही, असा हिशेब होता. २००१ च्या जनगणनेत घरच्यापुरतं दूध काढणं हेही काम धरलं गेलं. म्हैस तीच, धार काढणारीही तीच.

मीमांसक म्हणतात, जे दुसऱ्यासाठी असतं ते अंग, आणि ज्याच्यासाठी असतं ते प्रधान. दुष्काळी सालात शेतात काही पिकत नाही. किराणा दुधाच्या पैशावर येतो, पुढच्या पेरणीचं बियाणंही त्यातूनच. मग अंग कोणतं आणि प्रधान कोणतं? पण त्या घरी जाऊन विचारा, धंदा काय? शेती. आणि दूध? 'ते काय, जोडधंदा.' हे उत्तर बहुधा घरातला पुरुष देतो, आणि प्रगणकाच्या कागदावर तेच उतरतं.