कापूर, काजळी आणि ग्राफीन

परवा शनिवारी आरतीचं ताट घासायचं काम माझ्यावर आलं. कापूर जाळतो तिथली काजळी काही केल्या निघेना. मग नेहमीप्रमाणे ताट राहिलं बाजूला आणि मी कापरावर वाचत बसलो!

कापराच्या एका रेणूत कार्बनचे १० अणू, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा फक्त १. म्हणजे कार्बनचं गाठोडंच. मुंबईच्या आयआयटीत महेश्वर शेरॉन यांनी कापरापासून कार्बनची नाना रूपं बनवली. पुढे मुकुल कुमार यांनी जपानमध्ये त्यापासून नॅनोनळ्या बनवल्या.

२००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीनं ग्राफाइटचा एका अणूइतका पातळ थर सोलला आणि सिलिकॉन ऑक्साइडवर ठेवला. हेच ग्राफीन. पण सोलून कारखाना चालत नाही, थर वाढवता यायला हवा. २००६ मध्ये प्रकाश सोमाणी, सविता सोमाणी आणि उमेनो यांनी जपानच्या चुबू विद्यापीठातून एक पेपर काढला. १८० अंशांवर कापराची वाफ करायची, आरगॉन वायूबरोबर ७०० ते ८५० अंशांच्या भट्टीत न्यायची आणि निकेलच्या पत्र्यावर थर बसवायचा. थर सुमारे ३५ भरले. ग्राफीन म्हणायला जाडच, पण रस्ता दिसला.

निकेलच का? तापलेल्या निकेलमध्ये कार्बन विरघळतो आणि थंड होताना पृष्ठभागावर थरांनी वर येतो. काच, क्वार्ट्झ, अल्युमिना ही ऑक्साइडं अशी मदत करत नाहीत. गंमत म्हणजे सर्किटला थर हवा असतो तो नेमका ऑक्साइडवरच! म्हणून २००९ नंतर तांब्यावर वाढवून, तांबं विरघळवून थर उचलून ठेवायची पद्धत रुळली. त्यात थर फाटतो, सुरकुततो. थेट ऑक्साइडवर वाढवायची धडपड त्यासाठीच.

हे सगळं आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कापूर आपला, मग नोबेल त्यांना कसं?"

मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण २०१० चं नोबेल एकाच थराचे गुणधर्म मोजून दाखवल्याबद्दल होतं. आपल्या ताटातली काजळी म्हणजे अस्ताव्यस्त कण. हवा बंद करून, तापमान सांभाळून, काय झालं ते मोजलं की तिचं विज्ञान होतं. 'आपल्याकडे सगळं होतंच' म्हणणाऱ्या फॉरवर्डमध्ये नेमकं हे मोजणंच गायब असतं, आणि ज्यांनी खरंच मोजलं त्यांची नावं आपल्याला ठाऊक नसतात.

असो. ताट अजून तसंच आहे. आई म्हणते, राखेनं घास.