मालाचे वर्णन : इराकच्या शस्त्रसज्जतेची कागदोपत्री भाषा

हुकूमशाहीच्या भाषेचा विचार करताना आपण बहुधा हुकूमशहाच्याच भाषेकडे पाहतो. त्याची भाषणे, भिंतींवरील घोषणा, शालेय पुस्तकांतून मुलांच्या तोंडी घातलेली स्तुती हे आपल्या अभ्यासाचे नेहमीचे विषय आहेत. परंतु प्रत्येक शस्त्रसज्ज राजवटीमागे आणखी एक भाषा उभी असते. ती तिच्या राजधानीत लिहिली जात नाही. ती लिहिली जाते परदेशांतील कंपन्यांच्या कचेऱ्यांत, बँकांच्या शाखांत, व्यापार खात्यांच्या टेबलांवर. परवान्याचे अर्ज, बीजके, पतपत्रे, जकातीचे कागद हे तिचे वाङ्मयप्रकार. या कागदांवर ‘मालाचे वर्णन’ असा एक रकाना असतो. सद्दाम हुसेन यांच्या इराकने १९८० च्या दशकात जी शस्त्रे जमवली, त्यांचा इतिहास या एका रकान्यातून वाचता येईल काय, असा प्रश्न आम्ही येथे हाती घेत आहोत.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. २२ सप्टेंबर १९८० रोजी इराकने इराणवर चढाई केली आणि ऑगस्ट १९८८ पर्यंत युद्ध चालले. इराकची रणगाडे, विमाने आणि क्षेपणास्त्रे मुख्यतः सोव्हिएत संघाकडून आली. त्याखालोखाल फ्रान्स आणि चीन. फ्रान्सने मिराज विमाने आणि एक्झोसे क्षेपणास्त्रे विकली, आणि १९८३ मध्ये तर आपल्या नौदलाची पाच सुपर एतांदार विमाने इराकला वापरावयास दिली. अमेरिकेने १९८२ मध्ये इराकचे नाव दहशतवादाच्या पाठीराख्यांच्या यादीतून काढले, डिसेंबर १९८३ मध्ये डोनाल्ड रम्सफेल्ड यांना दूत म्हणून बगदादला धाडले आणि १९८४ मध्ये राजनैतिक संबंध पुन्हा जोडले. त्याच अमेरिकेने पुढे गुपचूप इराणलाही क्षेपणास्त्रे विकली. १७ मे १९८७ रोजी इराकी विमानाने सोडलेल्या फ्रेंच एक्झोसेंनी ‘स्टार्क’ या अमेरिकी युद्धनौकेवरील ३७ नौसैनिक मारले. इराकने दिलगिरी व्यक्त केली, अमेरिकेने ती स्वीकारली आणि मैत्री चालू राहिली.

हा व्यवहार पुष्कळसा उघड होता. मिराजला मिराजच म्हटले जात होते. ज्या वस्तूंना त्यांच्या नावाने हाक मारता येत नव्हती, त्यांची गोष्ट निराळी आहे.

पहिला शब्द ‘कीटकनाशक’. समारा शहराजवळ इराकने रासायनिक अस्त्रांचा जो प्रचंड कारखाना उभारला, तो ‘कीटकनाशक उत्पादनाची सरकारी आस्थापना’ या नावाने व्यवहार करीत असे. त्याच्या उभारणीत पश्चिम जर्मनीतील कंपन्यांचा मोठा वाटा होता. कार्ल कोल्ब ही प्रयोगशाळेची साधने विकणारी कंपनी आणि तिच्याशी संबंधित पायलट प्लान्ट ही त्यांतली ठळक नावे. आपण कीटकनाशकांसाठी उपयुक्त यंत्रसामग्री दिली, ही त्यांची भूमिका. या शब्दाची खोच अशी की तो निव्वळ थाप नव्हता. ताबुन हा पहिला चेताविष वायू १९३६ मध्ये जर्मनीत इ. गे. फार्बेन या कंपनीत गेरहार्ड श्राडर या रसायनशास्त्रज्ञाला सापडला, तोच मुळी कीटकनाशकाच्या शोधात. एकाच कुळातील रसायन थोड्या फेरफाराने किडीलाही मारते आणि माणसालाही. ही रसायने माणसाला ओळखून सोडून देत नाहीत, हे १९८४ च्या भोपाळनंतर भारतीय वाचकाला निराळे सांगावे लागू नये. समाऱ्याच्या बाबतीत शब्दकोश आणि रसायनशास्त्र दोन्ही विक्रेत्याच्या बाजूने साक्ष देत होते. खोटे होते ते फक्त प्रयोजन, आणि प्रयोजनासाठी बीजकावर रकाना नव्हता.

दुसरा शब्द ‘थायोडायग्लायकॉल’. कापडाच्या शाई-रंगांच्या धंद्यात वापरले जाणारे हे एक द्रव्य. एका साध्या प्रक्रियेने त्यापासून मस्टर्ड वायू बनतो. फ्रान्स फान आनराट या डच व्यापाऱ्याने अकराशे टनांहून अधिक थायोडायग्लायकॉल इराकला पोहोचवले. त्याचा स्वतःचा कारखाना नव्हता. अमेरिकेत आणि जपानमध्ये माल विकत घ्यावा, कागदांवर भलते गन्तव्य दाखवावे आणि बंदरांमागून बंदरे पार करीत तो इराककडे वळवावा, असा हा दलालीचा धंदा होता. हा माल ज्यांच्याकडून गेला, त्यांतील अल्कोलॅक या बाल्टिमोरच्या कंपनीने १९८९ मध्ये निर्यात-कायद्याच्या भंगाची कबुली दिली.

जगाला हे ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. रासायनिक अस्त्रांच्या वापरास मनाई करणाऱ्या १९२५ च्या जिनिव्हा कराराला इराकने १९३१ मध्येच मान्यता दिली होती. मार्च १९८४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी इराणच्या रणभूमीवर जाऊन मस्टर्ड आणि ताबुन या दोन्हींचा वापर झाल्याचे नोंदवले. १९८५ मध्ये काही देशांनी एकत्र येऊन अशा रसायनांच्या निर्यातीवर लक्ष ठेवण्यासाठी ‘ऑस्ट्रेलिया गट’ स्थापन केला. तरीही २८ जून १९८७ रोजी इराणमधील सरदश्त या गावावर मस्टर्ड वायूचे बाँब पडले आणि १६ मार्च १९८८ रोजी इराकच्याच हद्दीतील हलब्जा या कुर्दी गावावर वायुहल्ला होऊन सुमारे पाच हजार माणसे मेली. मे १९८८ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव ६१२ संमत केला. त्यात रासायनिक अस्त्रांच्या वापराचा निषेध आहे, पण तो वापर कोणी केला ते सांगितलेले नाही. दोन्ही पक्षांनी यापुढे असे करू नये, अशी अपेक्षा आहे. आपल्याकडे व्याकरणात ज्याला अकर्तृक भावे प्रयोग म्हणतात, त्याची राजनैतिक आवृत्तीच म्हणावी लागेल. क्रिया घडली, कर्ता कोठेच नाही.

तिसरा शब्द ‘सर्वसाधारण अभियांत्रिकी’. हा ब्रिटनचा. १९८५ मध्ये परराष्ट्रमंत्री जेफ्री हाउ यांनी इराण-इराक निर्यातीसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. प्राणघातक साधने द्यावयाची नाहीत आणि युद्ध लांबवण्याची वा चिघळवण्याची क्षमता ‘लक्षणीयरीत्या’ वाढवील अशी संरक्षण-सामग्रीही द्यावयाची नाही, असा त्यांचा आशय. सगळा भार ‘लक्षणीयरीत्या’ या क्रियाविशेषणावर होता. कव्हेंट्रीची मॅट्रिक्स चर्चिल ही यांत्रिक लेथ बनवणारी कंपनी १९८७ मध्ये इराकी मालकीखाली गेली. तिच्या यंत्रांवर तोफगोळ्यांचे भाग कातले जाणार, याची कुणकुण ब्रिटिश गुप्तचरांना होती. इतकेच नव्हे, तर कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक पॉल हेंडरसन स्वतःच गुप्तचरांना माहिती पुरवीत होते. जानेवारी १९८८ मध्ये यंत्रनिर्माते व्यापारमंत्री अॅलन क्लार्क यांना भेटले, तेव्हा अर्जांत मालाच्या शांततामय उपयोगावर भर द्यावा, असा सल्ला त्यांना मिळाला. मंत्र्यानेच अर्जदाराला शब्द सुचवावा आणि मग त्याच्याच सरकारने त्या शब्दावर विश्वास ठेवून परवाना द्यावा, असे हे वर्तुळ.

हलब्जानंतर ब्रिटनने काय केले? नोव्हेंबर १९८८ मध्ये इराकसाठीची निर्यात-पतहमी वाढवून ३४ कोटी पौंड केली. डिसेंबरमध्ये तीन राज्यमंत्र्यांनी मार्गदर्शक तत्त्वांची शब्दरचना आपापसांत बदलली, आणि संसदेला ते कळवले नाही. संसदसदस्यांना पुढेही हेच उत्तर मिळत राहिले की धोरणात बदल नाही.

एप्रिल १९९० मध्ये टीसपोर्ट बंदरात ब्रिटिश जकात अधिकाऱ्यांनी पोलादी नळकांडी अडवली. कागदांवर ती पेट्रोलियम उद्योगासाठीच्या नळ्या होती. प्रत्यक्षात ते जेराल्ड बुल या तोफतज्ज्ञाच्या कल्पनेतील, एक मीटर व्यासाच्या महातोफेचे तुकडे होते. खुद्द बुल यांची काही आठवड्यांपूर्वीच ब्रुसेल्समध्ये हत्या झाली होती. ज्या कारखान्यांत नळ्या बनल्या, त्यांतील एकाच्या वतीने एका खासदाराने दोन वर्षे आधी सरकारला शंका कळवली होती.

पैसा कोठून आला, हेही पाहिले पाहिजे. इटलीच्या सरकारी बांका नाझिओनाले देल लाव्होरो या बँकेच्या अटलांटा शाखेने इराकला चार अब्ज डॉलरहून अधिक रकमेची अनधिकृत कर्जे दिली. त्यांतील मोठ्या भागाला अमेरिकेच्या शेतीखात्याची हमी होती, कारण मालाचे वर्णन होते धान्य. ऑगस्ट १९८९ मध्ये छापा पडला. शाखाव्यवस्थापक तुरुंगात गेला. त्याच्या हाताखालच्यांना शिक्षा सुनावताना न्यायाधीश मार्विन शूब यांनी, ही माणसे एका बऱ्याच मोठ्या कटातील प्यादी आहेत, अशा अर्थाचे मत नोंदवले. पटावरची मोठी मोहरी मात्र न्यायालयात आली नाहीत.

ब्रिटनमध्ये ती जवळजवळ आली. मॅट्रिक्स चर्चिलच्या तीन अधिकाऱ्यांवर निर्यातीत फसवणूक केल्याचा खटला भरला गेला. सरकारला सर्व ठाऊक होते हे सिद्ध करणारी कागदपत्रे बचावपक्षाने मागितली, तेव्हा ती सार्वजनिक हितास्तव उघड करता येणार नाहीत, अशा प्रमाणपत्रांवर मंत्र्यांनी सह्या केल्या. न्यायाधीशांनी तरीही कागद काढावयास लावले. नोव्हेंबर १९९२ मध्ये क्लार्क यांची उलटतपासणी झाली. यंत्रांच्या लष्करी उपयोगाची शक्यता ठाऊक असूनही त्यांनी केवळ शांततामय उपयोगाचा उच्चार केला, हे त्यांना मान्य करावे लागले. पण कसे मान्य केले ते पाहा. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका खटल्यात ब्रिटिश प्रशासनातील ज्येष्ठ अधिकारी रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांनी ‘सत्याबाबत काटकसर’ हा वाक्प्रयोग प्रसिद्ध केला होता. क्लार्क यांनी तोच उचलला, आणि त्यातील ‘सत्य’ हा शब्द काढून तेथे ‘अॅक्चुआलिते’ हा फ्रेंच शब्द बसवला. सत्याची कबुली देतानाही त्यांना सत्य हा शब्द स्वतःच्या भाषेत उच्चारवला नाही. खटला कोसळला, आरोपी सुटले.

त्यानंतर न्यायमूर्ती रिचर्ड स्कॉट यांची चौकशी बसली. फेब्रुवारी १९९६ मध्ये तिचा पाच खंडांचा अहवाल आला. सरकारची संसदेतील उत्तरे अचूक नव्हती, असे त्यात आहे. संबंधित मंत्र्याचा हेतू कपटाचा नव्हता, असेही त्यात आहे. दोन्ही बाजूंनी आपापली वाक्ये वेचली. लोकसभेतील मतदानात सरकार ३२० विरुद्ध ३१९ असे एका मताने तरले, आणि कोणत्याही मंत्र्याने राजीनामा दिला नाही.

डिसेंबर २००२ मध्ये इराकने संयुक्त राष्ट्रांना आपल्या शस्त्रांविषयी सुमारे बारा हजार पानांचे निवेदन दिले. सुरक्षा परिषदेच्या अस्थायी सदस्यांना त्याची जी प्रत मिळाली, तीतून परदेशी पुरवठादारांची नावे गाळलेली होती. तीन महिन्यांनी याच शस्त्रांच्या नावाने युद्ध सुरू झाले. सद्दाम यांना ३० डिसेंबर २००६ रोजी फाशी झाली ती दुजैलमधील १४८ जणांच्या हत्येबद्दल. हलब्जाचा निकाल त्यांच्या हयातीत लागलाच नाही. कोणी काय विकले, हा प्रश्न ज्या साक्षीत विचारता आला असता, ती साक्ष झाली नाही.

एक अपवाद मात्र आहे, आणि आमच्या मते तोच महत्त्वाचा. फान आनराट १९८९ मध्ये निसटून इराकमध्ये राहिला. २००३ च्या युद्धात तो हॉलंडला परतला आणि डिसेंबर २००४ मध्ये पकडला गेला. २३ डिसेंबर २००५ रोजी द हेग येथील न्यायालयाने त्याला युद्धगुन्ह्यांतील साहाय्याबद्दल १५ वर्षांची शिक्षा दिली. अपिलात ती १७ वर्षे झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये साडेसोळा केली. वंशसंहारातील साहाय्याच्या आरोपातून तो सुटला, कारण इराकी राजवटीचा तो हेतू त्याला ठाऊक होता, हे सिद्ध झाले नाही. पण आपण आदेश दिला नव्हता आणि आपण केवळ एक रसायन विकले, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. या मालाचे मस्टर्ड वायूत रूपांतर होणार, हे त्याला माहीत होते, असे न्यायालयाने धरले. म्हणजे बीजकावर ज्यासाठी रकाना नव्हता, ते प्रयोजन न्यायालयाने निकालपत्रात लिहून घेतले.

या निकालाने समाधान मानावे असे आम्हांला वाटत नाही. ज्याच्या मागे ना सरकार होते ना मोठी कंपनी, असा एक दलाल शिक्षेस पात्र ठरला. परवान्यांवर सह्या करणारे आपल्या पेन्शनवर निवृत्त झाले. सरदश्त आणि हलब्जा येथे ज्यांची फुप्फुसे आणि डोळे त्या वायूने जाळले, त्यांतील अनेकजण आजही श्वासाच्या व्याधीसह जगत आहेत. साहित्याच्या अभ्यासकाने या प्रकरणात काय करावे, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर साधे आहे. शब्द आणि वस्तू यांतील अंतर मोजणे हे आपले रोजचे काम आहे. ते आपण कवितेवर करतो तितक्याच काटेकोरपणे परवान्याच्या अर्जावरही करावे. ‘लक्षणीयरीत्या’ म्हणजे किती, ‘सर्वसाधारण’ म्हणजे काय, आणि कर्ता नसलेल्या वाक्यात कर्ता कोण, हे प्रश्न १९८८ पूर्वी लंडनमध्ये, बॉनमध्ये किंवा वॉशिंग्टनमध्ये कोणी मोठ्याने विचारले असते, तर ती कागदपत्रे इतक्या सहजपणे मंजूर झाली नसती.